घोडीच्या मांडीतली नळी आणि बाबांची आर्ट लाइन

बाबांच्या बायपासनंतर दोन रात्री आयसीयूत माझं आतबाहेर चाललं होतं. त्यांच्या मनगटाच्या धमनीत बारीक कॅन्युला (आत राहणारी बारीक प्लॅस्टिकची नळी), तिला जोडलेली कडक पारदर्शक नळी, ती जाते स्टँडवरच्या बोटभर ट्रान्सड्यूसरला (दाबाचा विजेचा सिग्नल करणारी डबी), आणि मॉनिटरवर लाल रेघ. हीच ती आर्ट लाइन, म्हणजे आर्टेरियल लाइन. रात्री दीडला मामांनी पलंग वीत-सव्वावीत वर घेतला आणि १३२ चं बीपी १४७ दिसायला लागलं, माझी फाटली. सिस्टर आल्या, औषधाला हातही लावला नाही, ट्रान्सड्यूसर तेवढाच वर सरकवला, छातीच्या बाजूला चौथ्या फासळ्यांच्या फटीशी लेव्हल केला, आकडा जागेवर! "दादा, हे हार्टच्या लेव्हलला लागतं." बीएस्सीला फिजिक्स घेतलेला माणूस मी, २० सेंटीमीटर पाण्याचे साधारण १५ मिलिमीटर पारा होतात हे तोंडपाठ, पण त्या वेळी कुठलं सुचतंय.

घरी आल्यावर मग धमनीतला दाब असा थेट मोजायला लोक शिकले कसे, याच्या मागे लागलो.

शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. पुढच्याच वर्षी तिकडे इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याचं पुस्तक आलं. पाद्रीच, डॉक्टर नाही. त्यानं घोडी उताणी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला नऊ फुटी काचेची नळी उभी जोडली आणि रक्त सोडलं. रक्त चढलं ८ फूट ३ इंच. म्हणजे २५१ सेंटीमीटर, आजच्या हिशोबात १९० मिलिमीटरच्या वर. (एका प्रयोगात तर दोन नळ्या जोडायला लवचीक काहीतरी हवं म्हणून त्यानं चक्क हंसाची श्वासनळी वापरली, हे वाचून मी चहा खाली ठेवला.)

पण मला खरी गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. रक्त दर ठोक्याला फक्त दोन-चार इंच वरखाली होत होतं असं तो लिहितो. आता माणसात वरच्या-खालच्या बीपीतला फरक धरा ४०, तेवढ्याला रक्ताचा स्तंभ अर्धा मीटर हलायला पाहिजे. नाही हलला. कारण अडीच मीटरचा तो जड स्तंभ वर जायला लागतो न लागतो तोच पुढचा ठोका येतो. सरासरी बरोबर, ठोक्याची लाट गायब. पुढची दोनशे वर्षं सगळे याच एका गोष्टीशी झुंजत होते असं माझं तरी मत आहे: दाब मोजणं सोपं, पण नळीनं मधे खोटं न बोलता लाट पोचवणं अवघड.

१८२८ मध्ये प्वाझय हा फ्रेंच डॉक्टर पारा भरलेली यू नळी घेऊन आला. पारा रक्ताच्या जवळजवळ तेरा पट जड, म्हणून नऊ फुटांचं काम वीतभर नळीत झालं, आणि रक्त गोठू नये म्हणून त्यानं मधे पोटॅशियम कार्बोनेट भरलं. आपण अजून मिलिमीटर पारा म्हणतो ते त्याच काळाचं देणं. १८४७ ला लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं पाऱ्यावर तरंगता लेखणीदांडा ठेवून फिरत्या ड्रमवर रेघ काढली, १८५६ ला फेव्हरनं पाय-हात कापायच्या ऑपरेशनमध्ये माणसाच्या धमनीत थेट दाब मोजला, १२० च्या आसपास. पण पारा पण जडच, झोक्यासारखा स्वतःच्याच लयीत हलतो.

हे गणितात बसवलं १९०३ मध्ये ओटो फ्रँक या जर्मन माणसानं. नळी, द्रव आणि टोकाचा दाब झेलणारा पडदा मिळून एक स्प्रिंग-वजनाची जोडी, तिची स्वतःची एक फ्रीक्वेन्सी असते, आणि नळी आखूड, रुंद, कडक असेल तेवढी ती चढते. नाडी ९० असेल तर मूळ लय दीड हर्ट्झ, पण लाटेचा आकार नीट यायला तिच्या आठ-दहा पटीपर्यंतचे सूर पण लागतात, म्हणजे १५ हर्ट्झ. आणि नळीसकट आख्खी सिस्टीम बऱ्याचदा दहा-वीस हर्ट्झलाच घुमायला लागते! मग वरचा आकडा फुगतो, खालचा पडतो, सरासरीचा मात्र बऱ्यापैकी खरा राहतो.

उपाय एकच, द्रव जवळजवळ हलूच द्यायचा नाही. ते जमलं ताणानं रेझिस्टन्स बदलणाऱ्या तारेमुळे, आणि तो बदल पकडायला व्हीटस्टन ब्रिज, बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण कंटाळत जुळवायचो तोच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लॅम्बर्ट आणि वुड यांनी १९४७ मध्ये असा मॅनोमीटर (दाबमापक) धमनीसाठी वापरला, ते युद्धकाळात वैमानिकांना गरगर फिरवून रक्तदाब बघणारेच लोक. नंतर तारेच्या जागी सिलिकॉन आलं आणि डबी वापरून टाकायची झाली.

दुसऱ्या रात्री रेघ टोकदार झाली, १६८. हातावरच्या कफनं १३५. सिस्टरनी मोबाइलचा टॉर्च नळीवर मारला, थ्री-वेपाशी (तीन तोंडांच्या तोटीपाशी) मोहरीएवढा बुडबुडा. हवा दाबली जाते, म्हणजे कडक नळीत मऊ स्प्रिंग घातल्यासारखं, फ्रीक्वेन्सी घसरते. पेशव्यांच्या कात्रजच्या नळाला मधे मधे उच्छ्वास बांधलेत, इथे उच्छ्वास म्हणजे सिस्टरची टिचकी आणि सिरिंज. बुडबुडा बाहेर ओढून घेतला, मग ३०० वर फुगवलेल्या बॅगमधलं सलाइन क्षणभर फ्लश केलं, रेघ वर चौकोनी होऊन खाली आली, दोनदा थरथरली आणि सरळ. "एक-दोनच वेळा हलली ना, मग ठीक." फ्रँकचं आख्खं गणित त्यांनी दोन सेकंदात तपासलं. बीपी १३८.

बाबांना यातलं काही आठवत नाही. मनगट फळीला बांधलं होतं आणि चिकटपट्टीखाली जाम खाज सुटली होती, एवढंच सांगतात.