व्हीईजीएफ वाढलं म्हणजे किडनीचा कॅन्सर? नाही!

‘रक्तात व्हीईजीएफ तपासा, किडनीचा कॅन्सर लगेच कळतो’ असं सांगितलं जातं. ते खरं नाही. व्हीईजीएफ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन.

त्यात तथ्याचा अंश आहे. किडनीच्या क्लिअर सेल या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा गाठींना रोखणारं व्हीएचएल जनुक निकामी होतं, पेशी व्हीईजीएफ भरपूर बनवतात आणि गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण हेच प्रथिन जखम भरताना, गरोदरपणात, संधिवातातही वाढतं. शिवाय रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्समध्ये त्याचा साठा असतो. लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठलं की तो साठा बाहेर पडतो आणि आकडा फुगतो. त्याच माणसाचं रक्त गोठू न देता प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) तपासला तर आकडा बराच कमी येतो. अशा आकड्यावर निदान कसं करायचं?

सगळ्यात घातक गैरसमज उपचारादरम्यान होतो. किडनीच्या कॅन्सरवर २००६ पासून वापरात असलेलं सुनिटिनिब हे औषध घेताना गाठ आकसत असतानाही प्लाझ्मातलं व्हीईजीएफ बहुधा वाढतं, कारण औषध त्याचा रिसेप्टर (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) अडवतं. तो रिपोर्ट पाहून कृपया गोळ्या बंद करू नका.

निदानासाठी सीटी स्कॅन लागतो, गरजेनुसार बायोप्सी. आजार पसरला असेल तर पुढचा अंदाज बांधताना डॉक्टर हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट्स बघतात. या तपासण्या साध्या लॅबमध्येही होतात.