फ्रेडी मर्क्युरीचा 'शेवटचा अल्बम' नेमका कोणता?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. एड्स झाल्याचं जाहीर निवेदन त्याच्या आदल्याच दिवशी निघालं होतं. झांझिबारचा जन्म, पाचगणीच्या बोर्डिंग शाळेतला पियानो आणि सत्तरच्या दशकातली घोडदौड वाचकांना ठाऊक आहेच. वाद आजही चालतो तो त्याच्या शेवटच्या अल्बमवर.

ऑगस्ट १९८६मधल्या नेबवर्थच्या मैफलीनंतर तो बँडबरोबर पुन्हा दौऱ्यावर गेला नाही. उरलेली ताकद स्टुडिओत लागली. फेब्रुवारी १९९१मध्ये आलेला 'इन्युएन्डो' हा त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम. तो आल्यावरही स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत त्याचं गाणं थांबलं नाही. वेळ कमी म्हणून नेहमीचा क्रम उलटा केला गेला: आधी ड्रम मशिनचा साधा ठेका, त्यावर फ्रेडीचा आवाज, बाकीची वाद्यं मागाहून. मे १९९१मध्ये 'मदर लव्ह'च्या ओळी लिहून होतील तशा तो गात गेला. शेवटचं कडवं मात्र राहून गेलं, ते पुढे गिटारवादकाने गायलं. ते कडवं सुरू होताना आवाज बदलतो, हे हेडफोनवर स्पष्ट कळतं.

नोव्हेंबर १९९५मध्ये 'मेड इन हेवन' आला आणि सर्रास 'फ्रेडीचा शेवटचा अल्बम' म्हणून विकला गेला. त्यावर नोंदलेल्या अकरा गाण्यांपैकी 'इन्युएन्डो'नंतरची तीनच: 'मदर लव्ह', 'अ विंटर्स टेल' आणि 'यू डोन्ट फूल मी'. 'इट्स अ ब्युटिफुल डे'चं मूळ १९८०च्या म्युनिकमधल्या सहज छेडलेल्या तुकड्यात आहे. शीर्षकगीत आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' तर १९८५च्या त्याच्या स्वतंत्र 'मिस्टर बॅड गाय' या अल्बममधली.

जुन्याच आवाजावर नवी साथ चढवणं जमतं कसं? मल्टिट्रॅक टेपवर आवाजाचा ट्रॅक वेगळा असतो. तेवढा ठेवायचा, जुनी साथ बंद करायची आणि ड्रम, बास, गिटार नव्याने वाजवायचे. मूळ गाणं मशिनच्या ठेक्यावर असेल तर नवे ड्रम नीट बसतात; हाताने वाजवलेल्या साथीत लय मागेपुढे झालेली असेल तर ड्रमरला आवाजामागे धावावं लागतं. गाताना हेडफोनमधली साथ माइकमध्ये झिरपली असेल तर ती त्या काळी पुसता येत नसे, आणि नवे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वेगळे असतील तर खाली जुने सूर खटकतात. 'यू डोन्ट फूल मी'मध्ये आवाजाचे तुकडेच इतके थोडे होते, की गाण्याचा सांगाडा त्यांची जुळवाजुळव करून उभारावा लागला.

बँडने हे काम मनापासून केलं, यात शंका नाही. पण अल्बमवर कोणता आवाज कोणत्या वर्षाचा हे ठळकपणे सांगायला हवं होतं. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'मधला जोम अडतिशीच्या आसपासच्या धडधाकट गायकाचा आहे. ऐकणारे त्यालाच मृत्यूशी झुंजणाऱ्या माणसाची जिद्द समजतात. खरी जिद्द 'मदर लव्ह'मधल्या चढ्या सुरांत आहे, आणि ती या गोंधळात झाकली जाते.

२०२२मध्ये फ्रेडीच्या आवाजातलं 'फेस इट अलोन' हे गाणं आलं तेव्हा ते १९८८मधलं ध्वनिमुद्रण असल्याचं बँडने सुरुवातीलाच सांगितलं.