वास न येणारी नशा

कुर्ल्याच्या आमच्या इमारतीतल्या एक काकू मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. मी रसायनशास्त्र शिकवते, एवढ्याच भरवशावर आल्या होत्या. पर्समधून त्यांनी बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. तळाशी पांढरट भुकटीचे चार कण चिकटलेले होते. "पोरगा रात्र रात्र जागा असतो गं. मला वाटायचं अभ्यास करतोय. दारूचा वास तर कधीच आला नाही त्याला." मग एकेक करून बाकीचंही निघालं. झोपेत दात खातो, खिशात च्युइंगमची वेष्टनं सापडतात, उशीच्या अभ्र्यावर नाकातल्या रक्ताचे डाग असतात, आणि दोन महिन्यांत पँट कमरेवर राहीनाशी झाली आहे.

नुसतं बघून पावडर ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. पण काकू जे सांगत होत्या ते सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. मेफेड्रोन, म्हणजे मुंबईच्या बोलीत 'एमडी' किंवा 'म्याव म्याव'.

आपल्या डोक्यात नशेखोर म्हटलं की गर्दुल्ला उभा राहतो. पुलाखाली गुंगीत पडलेला, मळक्या कपड्यांतला. एमडी घेणारा मुलगा तसा दिसत नाही. तो उत्साहात असतो, भरभरून बोलतो, कॉलेजला किंवा कामावर जातो. त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत महिनेच्या महिने निघून जातात.

दुसरा घोळ नावाचा. एमडी म्हणजे एमडीएमए, पार्ट्यांमधली ती 'एक्स्टसी', असं समजून कित्येक मुलं ते घेतात. एमडीएमए हे वेगळं रसायन आहे, तेही बेकायदा आणि घातकच. मेफेड्रोन कॅथिनोन या उत्तेजक रसायनाच्या कुळातलं. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागांत 'खात' नावाच्या झुडपाची ताजी पानं चघळतात, त्या पानांत कॅथिनोन असतं. पान सुकलं की ते झपाट्याने कमी होतं, म्हणून तिथे ताज्या जुडीलाच भाव. मेफेड्रोन मात्र कुठल्याही झाडात नाही. ते १९२९ मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं, विस्मरणात गेलं आणि या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरनेटवरून पुन्हा वर आलं.

ते मेंदूत काय करतं हे समजायला इमारतीतला पाण्याचा पंप डोळ्यांसमोर आणा. मज्जातंतूच्या टोकाशी डोपामिन आणि सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं साठवलेली असतात. काम झालं की बाहेर सांडलेलं रसायन परत आत ओढून घेणारे प्रथिनांचे पंप तिथे असतात. मेफेड्रोन या पंपांतूनच आत शिरतं आणि त्यांना उलटं फिरवतं. साठा भसाभसा बाहेर पडतो. काही मिनिटांत आनंदाची लाट येते, भूक आणि झोप पळून जाते, थकवा जाणवेनासा होतो. आणि तास-दोन तासांत हे सगळं ओसरतं. एमडीएमएचा अंमल चार ते सहा तास टिकतो, याचा निम्माही नाही. त्यामुळे लाट ओसरू लागली की पुन्हा एक चिमूट, मग आणखी एक. 'एकदाच घेऊ' म्हणून बसलेला मुलगा पहाटेपर्यंत अख्खी पुडी संपवून बसतो. मला विचाराल तर या पदार्थाचा खरा सापळा हा कमी वेळ टिकणारा अंमलच आहे. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी असते. उदासी, चिडचिड, कुणीतरी आपल्या मागावर आहे असा संशय, कुणाकुणाला आवाज ऐकू येणं, हे तिथूनच सुरू होतं.

शरीराचे हाल वेगळेच. रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार आणि निळसर पडतात, नाडी धावत सुटते, रक्तदाब चढतो, नाकाची आतली त्वचा सोलवटते. सगळ्यांत घातक म्हणजे शरीराचं तापमान भडकणं. हा संसर्गाचा ताप नव्हे, पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. माणूस तापून बरळत असेल, झटके येत असतील, छातीत दुखत असेल, तर त्याला हवेशीर जागी ठेवा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा. मेफेड्रोनवर उतारा म्हणावं असं औषध नाही. डॉक्टर शरीर थंड करतात, झटके आणि धडधड शांत करणारी औषधं देतात, आणि त्यासाठी वेळ हातात असावा लागतो. नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असताना हे घेतलं तर धोका आणखी वाढतो.

आता कायदा. अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, पण मेफेड्रोन त्याच्या यादीत आलं ५ फेब्रुवारी २०१५ रोजी. ब्रिटनने २०१० मध्येच बंदी घातली होती. मधल्या काळात मुंबईत पावडर सापडायची, पण तिला हा कायदा लागत नव्हता. त्या वर्षांत एमडीने शहरात जे पाय रोवले, त्याची किंमत आपण अजून मोजतोय. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अंमली पदार्थ विरोधी कक्षाने नालासोपाऱ्यात सातशे किलोच्या आसपास साठा पकडला. सातशे किलो!

कायद्यात सगळं वजनावर ठरतं. मेफेड्रोनची २ ग्रॅमच्या खाली 'अल्प मात्रा', शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. दोन ग्रॅम म्हणजे किती? एक रुपयाच्या नाण्याच्या वजनापेक्षाही कमी. दोन ग्रॅमच्या वर आणि व्यापारी मात्रेच्या खाली असेल तर दहा वर्षांपर्यंत. व्यापारी मात्रा सुरू होते ५० ग्रॅमच्या वर, तिथे किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, आणि जामीन अतिशय कठीण. हेरॉइनसाठी हीच मर्यादा २५० ग्रॅम आहे, गांजासाठी २० किलो. शिवाय पावडरीत भेसळ असली तरी सुटका नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. मित्रासाठी पुडी आणून देणारा मुलगा स्वतःला विक्रेता समजत नाही, पण बाळगणं, विकत घेणं, नेणं आणि विकणं हे सगळं एकाच कलमात आहे. जाणूनबुजून गाळा किंवा गाडी वापरायला देणाराही याच कायद्यात अडकतो.

काकूंना पोलिसांचीच भीती होती. "दवाखान्यात नेलं तर पकडतील ना त्याला?" म्हणून दोन महिने त्या गप्प होत्या. त्यांना मी कलम ६४-अ सांगितलं. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी, पालिकेच्या किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेत असेल, तर त्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. विक्रीच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हे कलम जितक्या घरांना माहीत व्हायला हवं तितक्यांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सोमवारी त्या दोघांबरोबर मीही गेले. केस पेपर काढून बाकावर दोन तास बसलो. मुलगा हाताची बोटं सारखी चोळत होता, पावसाळी उकाड्यातही ती गारच होती. आत डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतोस?" काकूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "एमडी. जानेवारीपासून."