कोल्हापुरात घराजवळ घोडा, गाय किंवा म्हैस पाळायची तर: परवाना, नोंदणी आणि लागणारे कागद

परड्यात दोन म्हशी बांधल्या तर परवाना लागतो का? या प्रश्नाला कोल्हापुरात एका शब्दात उत्तर देता येत नाही. दूध घरातच संपतं की रतीब घालता, आणि जागा महापालिका हद्दीत येते की हद्दीबाहेर पाचगाव-उचगावच्या बाजूला, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशींची मिरवणूक पाहायला गर्दी होते. त्यामुळे शहरात जनावर पाळणं हा आपला हक्कच आहे, त्याला कसला कागद, असा समज पेठांमधून पक्का आहे. शेजाऱ्याची तक्रार महापालिकेत पोचेपर्यंत तो टिकतोही. तक्रार आली की मात्र पहिला प्रश्न "परवाना दाखवा" हाच असतो.

परवाना कोणाला लागतो

महापालिका हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम ३७६ नुसार घोडे, गुरं किंवा इतर चार पायांची जनावरं विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी, मोबदला घेऊन किंवा त्यांचं उत्पन्न विकण्यासाठी कोणत्याही जागेत ठेवायची असतील, तर आयुक्तांचा परवाना लागतो. जनावरं किती, हा मुद्दा इथे येत नाही. एकच म्हैस असली आणि चार घरी रतीब असला तरी तुम्ही या कलमात बसता. वरातीला घोडा देणारे, चौपाटीवर मुलांना घोड्यावरून फेरी मारून पैसे घेणारे, दुसऱ्याचा घोडा महिन्याच्या खर्चावर सांभाळणारे, बकरी ईदसाठी बोकड वाढवून विकणारे, सगळेच यात येतात. होळीला पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करणं ही काही विक्री नव्हे, पण शेणी थापून विकल्या तर तेही जनावराचं उत्पन्नच.

घरच्या दुधापुरती गाय किंवा हौसेचा घोडा असेल तर या कलमाचा परवाना लागत नाही. पण म्हणून मोकळे सुटलात असं समजू नका. इतरांना उपद्रव होईल किंवा धोका होईल अशा रीतीने जनावर ठेवायला याच अधिनियमाने मनाई केली आहे, आणि ती हौशी माणसालाही लागू आहे. डुकरांच्या बाबतीत तर लेखी परवानगीशिवाय पाळताच येत नाहीत, मग कारण काहीही असो.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध कायद्याखाली १९७८ साली गुरांच्या जागांच्या नोंदणीचे नियम झाले. एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या शहरात नफ्यासाठी पाच किंवा जास्त गुरं ठेवली असतील, तर त्या जागेची नोंदणी करावी लागते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे शहर या नियमात सरळ बसतं. महापालिकेचा परवाना आणि ही नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच म्हशींचा गोठा असेल तर दोन्ही हवेत.

जागा कोणाच्या हद्दीत

शहराची हद्दवाढ हा कोल्हापुरात वर्षानुवर्षं भांडणाचा विषय आहे. अर्जदाराला त्यातला एवढाच भाग कामाचा की आपला सर्व्हे नंबर आज कुठे येतो. घरफाळ्याची पावती महापालिकेची असेल तर प्रश्न मिटला. ग्रामपंचायतीची असेल तर गाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आहे का, ते बघा. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणात शहराभोवतालची ४२ गावं आहेत. तिथे गोठा किंवा तबेला बांधायची परवानगी प्राधिकरणाकडून घ्यावी लागते, आणि जनावरांच्या उपद्रवाची, सांडपाण्याची तक्रार मात्र ग्रामपंचायतीकडे जाते. दोन्हीकडे पाय ठेवून चालावं लागतं.

बांधकामाला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० लागू आहे. शेती विभागात गोठ्याला जेवढा वाव आहे तेवढा रहिवासी विभागात नाही. म्हणून पत्र्याचं शेड उभं करायच्या आधी नगररचना विभागातून झोन दाखला काढा. "चार खांब आणि पत्रा, याला कसली परवानगी" हे वाक्य बांधकाम व्यावसायिकही म्हणतात आणि गवळीही. अनधिकृत बांधकामाची नोटीस आली की दोघांनाही ते उपयोगी पडत नाही. शेड आधी आणि अर्ज नंतर, हा क्रम सर्वात महागात पडतो. पाहणीला आलेल्या निरीक्षकाला परवान्याआधी बेकायदा शेडच दिसतं.

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये शेळी किंवा घोडा बांधायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ती जागा सामाईक आहे, तुमच्या एकट्याच्या नावावर नाही.

अर्ज कुठे, कसा

महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमची जागा ज्या विभागात येते तिथे किंवा नागरी सुविधा केंद्रात चौकशी करून परवाना विभागाच्या नावे अर्ज द्या. अर्जात जनावरांचा प्रकार, संख्या, हेतू आणि जागेचं मोजमाप स्पष्ट लिहा. हेतूच्या ठिकाणी "घरगुती वापर" लिहून दूध संस्थेला घालायचं, हा मार्ग बरेच जण सुचवतात. दूध संस्थेच्या खात्यावर तुमच्या नावाने दर दहा दिवसाला बिल निघत असतं, हे लक्षात ठेवा.

सोबत साधारण हे कागद जोडावे लागतात:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
- जागेचा पुरावा: मालमत्ता पत्रक (सिटी सर्व्हेचा उतारा) किंवा सातबारा, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना आठ
- चालू वर्षाची घरफाळा आणि पाणीपट्टी भरल्याची पावती
- जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचं लेखी संमतीपत्र. जागा वाटणीची असेल तर सहहिस्सेदारांची संमती
- गोठ्याचा किंवा तबेल्याचा हाताने काढलेला का होईना, पण मापं टाकलेला नकाशा. त्यात गव्हाण, मोरी, शेणखड्डा आणि शेजारच्या घरापर्यंतचं अंतर दाखवलेलं असावं
- जनावरांच्या लसीकरणाची आणि कानातल्या बिल्ल्याची नोंद. घोड्यासाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला
- शेण आणि मूत्राची विल्हेवाट कशी लावणार याचं स्वयंघोषणापत्र

थकीत घरफाळा हा अर्ज अडकण्याचा सगळ्यात साधा रस्ता आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरचं मालमत्ता पत्रक हा दुसरा. वारसनोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या, नाहीतर सहहिस्सेदार काकांची संमती मागण्यात महिने जातात आणि जुनी भांडणं उकरून निघतात ती वेगळीच.

शुल्क भरलं की परवाना मिळाला, असं नाही. फी स्वीकारली म्हणून परवान्याचा हक्क निर्माण होत नाही, हे अधिनियमाच्या कलम ३८६ मध्येच आहे. पावती फाईलला लावा आणि पाहणीची वाट बघा. अर्जाची पोच मात्र तारखेसह, शिक्क्यासह हातात घ्यायला विसरू नका.

पाहणीत काय बघतात

माझ्या मते सगळा अर्ज इथेच पास किंवा नापास होतो. कागद दुरुस्त करता येतात, मोरीचा उतार दुरुस्त करायला फरशी उखडावी लागते.

चारशे किलोच्या आसपासचं एक जनावर दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण टाकतं, मूत्र वेगळंच. चार म्हशी म्हणजे रोज साठ-ऐंशी किलो शेण. पाण्याचा पाइप लावून ते गटारीत ढकलायचं, ही जुनी सवय. कोल्हापुरात गटारीतून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत, हा प्रवास सगळ्यांना माहीत आहे. जयंती नाल्याच्या पाण्यावरून किती वर्षं बोंब चालली आहे ते वेगळं सांगायला नको. नदी प्रदूषणाचं प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यापासून नदीकाठी जनावरं धुण्यावरही कारवाई होते. त्यामुळे शेण कोरडं उचलायचं, मूत्र वेगळ्या टाकीत घ्यायचं आणि गोठा धुतलेलं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं, ही व्यवस्था नकाशावर नव्हे तर जागेवर दिसायला हवी. शेण नेणारा शेतकरी ठरलेला असेल तर त्याचं पत्र जोडा. करवीर तालुक्यात शेणखताला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

जागेचं माप: गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि म्हशीला चार चौरस मीटर हे सर्वसाधारण प्रमाण आहे, मोकळी जागा त्याच्या दुप्पट. घोड्याच्या थानाला, म्हणजे तो बांधायच्या जागेला, बारा फूट बाय बारा फूट धरतात. फरशी खडबडीत, म्हणजे जनावर घसरणार नाही अशी, आणि मोरीकडे उतार. घोड्याची लीद म्हशीच्या शेणापेक्षा कोरडी असते, वासही कमी, पण माशा तेवढ्याच. ढीग दोन दिवस पडला की शेजारचं घर खिडक्या लावून घेतं. पहाटे चार वाजता होणाऱ्या टापांच्या आणि खिंकाळण्याच्या आवाजाचाही विचार करा. नियमात डेसिबल शोधत बसण्यापेक्षा थान शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीपासून लांब घेतलेलं बरं.

गोठा मोठा असेल, व्यवसाय डेअरीच्या मापाचा असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा स्वतंत्र विषय सुरू होतो. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ उद्योग भवनात आहे. तिथे विचारल्याशिवाय गुंतवणूक करू नका.

जनावरांचे कागद

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कानात बारा अंकी बिल्ला हवा आणि भारत पशुधन प्रणालीवर त्याची नोंद हवी. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बाजारातून म्हैस आणताना बिल्ला जुन्या मालकाच्या नावावरून आपल्या नावावर करून घ्या. बिल्ला कानात आहे आणि नाव भलत्याचंच आहे, अशी जनावरं कमी नाहीत. लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा, आणि मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच. २०२२ मध्ये लम्पीने काय केलं ते जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध उत्पादकाला विचारा, लसीची नोंद ठेवायला पुन्हा सांगावं लागणार नाही. दवाखान्यात जनावर नेता येत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

घोड्याचं प्रकरण निराळं. त्याच्या कानात बिल्ला नसतो. ओळख असते ती वर्णनाची: रंग नुकरा, कुमैत की अबलख, कपाळावर पट्टा आहे का, पाय किती पांढरे, भोवरे कुठे. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघणारे किंमत ठरवतात. दाखल्यात तेच भोवरे ओळखीसाठी लिहितात. अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणलात तर खरेदीची पावती आणि वाहतुकीसाठी घेतलेला पशुवैद्यकाचा दाखला जपून ठेवा.

ग्लँडर्स हे नाव तबेलेवाल्याने ऐकलेलं असलंच पाहिजे. नाकातून पू, अंगावर गाठी, ताप. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो आणि २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना पशुवैद्यकामार्फत जातो, संदर्भ प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची. घोडा बाधित निघाला तर त्याला दयामरण देतात आणि आजूबाजूच्या घोड्यांची तपासणी होते. रहिवासी भागातल्या तबेल्याला म्हणूनच आरोग्य दाखला जास्त काटेकोरपणे मागतात, आणि ते बरोबरच आहे. धनुर्वाताची लस मात्र न मागताही द्या. नाल ठोकताना खिळा लागण्याचं निमित्त पुरतं.

कामाच्या घोड्यासाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ बंद. लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यात येते. दुपारच्या वरातीची सुपारी घेताना हे लक्षात असू द्या. कोल्हापूर चित्रनगरीत किंवा बाहेर चित्रीकरणासाठी घोडा द्यायचा असेल, तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची नोंदणी लागते. त्याला महापालिकेचा परवाना चालत नाही.

नकार, तक्रार, कोंडवाडा

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. तोंडी "होत नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. बहुतेक वेळा नकार मोरी, अंतर किंवा थकबाकी यांपैकी एकावर असतो आणि त्रुटी दूर करून पुन्हा अर्ज करता येतो. फाईल कुठे आहे तेच कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शेजाऱ्याची तक्रार परवाना असतानाही येऊ शकते. सार्वजनिक उपद्रवाबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, आणि अटी मोडल्या तर आयुक्त परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. जनावर रस्त्यावर मोकाट सापडलं तर कोंडवाड्यात जातं. सोडवताना दंडाबरोबर रोजच्या वैरणीचा खर्चही भरावा लागतो, आणि मालक कोण हे सिद्ध करायला कानातला बिल्ला कामी येतो.

परवान्यावर मुदत आणि संख्या दोन्ही लिहिलेली असते. तीन म्हशींच्या परवान्यावर सहा म्हशी बांधायच्या असतील तर वाढीव संख्येचा नवा अर्ज करा, आणि पाचाचा आकडा ओलांडताय म्हणून जागेच्या नोंदणीचाही. वासरं-रेडकं मोजणीत धरणार का, हे पाहणीच्या वेळीच विचारून लेखी नोंदवून घ्या.