पान्ह्यापासून जोडीदारापर्यंत

रेडकू लावल्याशिवाय म्हैस पान्हवत नाही, हे गोठ्यात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. रेडकू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायची रीत अनेक ठिकाणी होती. म्हैस ते हुंगते, चाटते आणि दूध सोडते. वास आणि स्पर्श मेंदूत पोचले, की तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं आणि कासेतलं दूध खाली येतं. याच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून पान्हा आणायचा प्रकार तबेल्यांमध्ये इतका बोकाळला, की २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी आणली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही हेच औषध लागतं.

बाळंतपण आणि दूध, एवढीच या संप्रेरकाची ओळख बरीच वर्षं होती. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावताना दिसलं. १९५३ मध्ये विन्सेंट द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिनचा नऊ अमिनो आम्लांचा रेणू प्रयोगशाळेत घडवला आणि दोन वर्षांनी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७९ मध्ये मात्र पीडरसन आणि प्रँज यांनी ते थेट उंदरांच्या मेंदूत सोडलं. कधीही न व्यालेल्या माद्या दुसरीची पिल्लं गोळा करू लागल्या, चाटू लागल्या. म्हणजे पान्हा फक्त कासेत फुटत नव्हता.

पण आईपण एक आणि जोडीदार दुसरा. त्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेणारी वाट मेंदूच्या प्रयोगशाळेतून निघालीच नाही. ती निघाली अमेरिकेतल्या इलिनॉयच्या गवताळ रानातून. संशोधक लोवेल गेट्झ तिथे १९७२ पासून व्होल पकडत होते. व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, उंदरासारखा प्राणी. गेट्झना त्यांची संख्या कशी कमीजास्त होते एवढंच मोजायचं होतं. मोजता मोजता लक्षात आलं, की प्रेअरी व्होल या जातीचा एक नर आणि एक मादी पुन्हा पुन्हा एकाच सापळ्यात एकत्र सापडतात. कुरणातल्या दुसऱ्या जातीच्या व्होलांचं असं होत नव्हतं. गळ्यात छोटे रेडिओ पट्टे बांधून पाहिलं, तर ही जोडपी एकाच बिळात राहत होती. सस्तन प्राण्यांत असं राहणाऱ्या जाती शंभरात तीन ते पाच. (‘एकनिष्ठ’ हा शब्द इथे जपून वापरावा. संसार एकीशी असला, तरी पिल्लांचा बाप कधी कधी शेजारचा निघतो.)

गेट्झ यांनी हे संशोधक स्यू कार्टर यांना दाखवलं आणि रानातलं निरीक्षण प्रयोगशाळेत आलं. तिथली चाचणी साधी आहे. तीन खणांची पेटी घ्यायची. एका टोकाला ओळखीचा जोडीदार बांधायचा, दुसऱ्या टोकाला अनोळखी व्होल, आणि मधे मोकळा सोडलेला व्होल तीन तासांत कुणाला जास्त बिलगून बसतो ते मोजायचं. मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, की प्रेअरी व्होलची मादी समागमाशिवायही सोबतच्या नराची होते, असं कार्टर यांच्या गटाला दिसलं. नरांमध्ये तेच काम ऑक्सिटोसिनचा जवळचा भाऊ व्हॅसोप्रेसिन करतं, हे १९९३ मध्ये समोर आलं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा शोध १९९२ चा आहे, आणि नेमका तोच वर्तमानपत्रांतून गळून पडला. थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी प्रेअरी व्होल आणि जोडी न करणारा डोंगराळ भागातला व्होल यांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवले. ऑक्सिटोसिन दोघांकडे होतं. फरक होता तो रिसेप्टर कुठे आहेत याचा, म्हणजे ती किल्ली ज्या कुलपांत बसते त्या कुलपांच्या जागेचा. प्रेअरी व्होलमध्ये ती न्यूक्लियस अॅक्युम्बन्समध्ये दाटीने आहेत, जिथे मेंदू सुखाची नोंद ठेवतो. डोंगराळ व्होलमध्ये तिथे जवळपास नाहीतच. पुढे लॅरी यंग यांच्या गटाने २००४ मध्ये जोडी न करणाऱ्या कुरणातल्या व्होल जातीच्या फिरस्त्या नरांच्या मेंदूत, नेमक्या जागी, विषाणूच्या पाठीवरून व्हॅसोप्रेसिनच्या रिसेप्टरचं जनुक पोचवलं. ते नर आपल्या मादीला बिलगून बसू लागले.

इथून ‘प्रेमाचं हार्मोन’ हा मथळा सुटला तो सुटलाच. २००५ मध्ये झुरिकच्या प्रयोगात नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेली माणसं अनोळखी माणसावर जास्त पैशांचा विश्वास टाकताना दिसली, आणि फवारे बाजारात विकायलाही आले. पुढे तोच निकाल पुन्हा मिळवताना संशोधकांची दमछाक झाली.

खरा धक्का २०२३ मध्ये बसला, आणि तोही व्होलकडूनच. सॅन फ्रान्सिस्कोतले देवानंद मनोली आणि स्टॅनफर्डचे निराव शहा यांच्या गटांनी जनुकं कापण्या-बदलण्याच्या क्रिस्पर तंत्राने ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल जन्माला घातले. या व्होलांनी जोड्या केल्या. माद्या व्याल्या आणि काही प्रमाणात दूधही पाजलं. आधीच्या प्रयोगांत औषधाने रिसेप्टर अडवला तर जोडी जमत नव्हती, आणि इथे जन्मापासून तो नसला तरी जमते. वाढत्या मेंदूने दुसरी वाट काढली असावी, असा एक कयास. जुनी औषधं आणखी कुठली कुलपंही अडवत असावीत, हा दुसरा.

२०२५ मध्ये बर्कलीतल्या अॅनालिझ बीरी यांच्या गटाने अशाच व्होलांची जोडीऐवजी मैत्री तपासली. सोबत ठेवलेल्या सवंगड्याशी साध्या व्होलची दोस्ती एका दिवसात जमते. रिसेप्टर नसलेल्यांना जवळपास आठवडा लागला.