मेंढ्या उठल्या की त्याच दिवशी पाळी घाला : रानात मेंढ्या बसवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फलटण-माळशिरस भागात मोकळ्या रानांत खतासाठी रात्री मेंढ्या बसवून देणं आणि लेंडीखत पुरवणं हा आमचा धंदा. दर पावसाळ्यात एकाच तऱ्हेचे फोन येतात : "तीनशे मेंढ्या दोन रात्री बसवल्या, पैसे मोजले, पण पिकावर फरक दिसेना." आम्ही आधी एकच विचारतो, मेंढ्या उठल्यावर पाळी कधी घातली, म्हणजे कुळव फिरवून वरची माती कधी हलवली? बहुतेकांचं उत्तर असतं, "आठ-दहा दिवसांनी, ट्रॅक्टर मिळाला तेव्हा." तिथंच नुकसान झालेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहून देत आहोत.

सकाळी कळप उठला की मालक बांधावरून लेंड्या किती पडल्या ते बघतो. लेंडी मोलाची आहेच, पण तिच्यातलं नत्र हळूहळू सुटतं, पुढच्या पिकालाही थोडं उरतं. लगेच लागू पडणारं नत्र असतं मूत्रात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मेंढ्या हिरव्या चाऱ्यावर किंवा भुईमुगाच्या पाल्यावर चरून आल्या असतील तर त्यांनी टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा मूत्रातूनच येतो. मूत्रातलं बहुतेक नत्र युरियाच असतं. ४५ किलोच्या गोणीतून तुम्ही आणता तोच युरिया. गोणीतला युरिया फेकला की तुम्ही लगेच पाणी देता किंवा मातीआड करता. मग मेंढ्यांनी दिलेला युरिया उन्हात उघडा का ठेवायचा?

मातीत आणि लेंडीत युरिएझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते युरियाचं अमोनियात रूपांतर करतं. ओल पडलेली तेवढी जागा अल्कधर्मी होते आणि अमोनिया वायू होऊन उडू लागतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाचा सामू (पीएच) बहुधा ७.५ च्या पुढं असतो, त्यात एप्रिल-मेचं ऊन आणि वारा. सगळ्यात जास्त नत्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातं. आठव्या दिवशी पाळी घातली तर लेंडी गाडली जाते, पण मूत्रातलं उडायचं तेवढं उडून गेलेलं असतं.

"रानात नाकाला झोंबणारा वास होता, म्हणजे खत जोरदार पडलं" असं पुष्कळ जण समाधानानं सांगतात. तो वासच अमोनियाचा. वास येतोय म्हणजे नत्र रानातून निघून चाललंय. खात्री करायची असेल तर कागदाच्या पट्टीला ओली हळद लावा, पट्टी काचेच्या ग्लासात आतून चिकटवा आणि मेंढ्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी मूत्राच्या ओल्या डागावर ग्लास उपडा ठेवा. पट्टी मातीला टेकू देऊ नका. पट्टी ओली असताना पिवळ्याची तांबूस होऊ लागली, तर ते उडणाऱ्या अमोनियाचं काम. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तसंच हे.

किती जातं? हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) २००६ च्या हिशेबपद्धतीत चरणाऱ्या जनावरांच्या शेणमूत्रातलं सरासरी २० टक्के नत्र वायुरूपात जातं असं धरलं आहे, आणि परिस्थितीप्रमाणे ते ५ ते ५० टक्के असू शकतं असंही म्हटलं आहे. भर उन्हाळ्यात चुनखडीचं रान उघडं ठेवलं तर आपण यातल्या जड बाजूलाच जाणार.

करायचं एवढंच : आधी नांगरट करून ढेकळं फोडून ठेवा, मग मेंढ्या बसवा आणि कळप उठला की त्याच दिवशी कुळवाची पाळी घाला. फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन-तीन इंच माती वर आली की पुरे, खोल जायची गरज नाही. काळ्या मातीत अमोनिया धरून ठेवायची ताकद आहे, पण तो मातीच्या आत गेला तरच. न नांगरलेल्या तापल्या रानात कुळव शिरत नाही आणि मग सगळं ट्रॅक्टरवर अडतं; उशीर होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच. अवजार मिळालंच नाही तर तुषार सिंचनानं हलकं पाणी द्या, युरिया खाली उतरेल. पाट भरून तुंबवू नका. पाणी साचलं की नत्र वेगळ्या वाटेनं, नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन होऊन जातं. आणि वास मारायला चुना किंवा राख टाकू नका, त्यानं अमोनिया आणखी उडतो.

आमच्याच दोन एकरांत एका साली अर्ध्या तुकड्यावर पाळी झाली आणि रोटावेटर बंद पडला. उरलेला तुकडा नऊ दिवस तसाच राहिला. पुढं त्या रानात बाजरी घेतली, तर एका महिन्यात मधली रेघ लांबूनही दिसत होती, एका अंगाला काळोखी आणि दुसऱ्या अंगाला पिवळट. तेव्हापासून पाळीची तारीख ठरल्याशिवाय आम्ही कळप पाठवत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण मेंढक्यांची वाट ठरलेली असते. तुमच्या रानात कळप एक दिवस जादा थांबला तर पुढच्या गावातला चारा हुकतो, आणि फळ दिसलं नाही म्हणून परत फुकट मेंढ्या बसवून देणं आम्हाला परवडत नाही.

"चारही रात्री एकाच जागी बसवा" असा आग्रहही होतो. आम्ही वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) रोज हलवतो, कारण एकाच जागी मूत्राचा थर वाढला की नुकसानही वाढतं, रान तुडवून घट्ट होतं आणि बाकीचा तुकडा कोरडाच राहतो.

ट्रॉलीनं लेंडीखत घेणाऱ्यांनी मार्चमध्ये शेतात छोटे ढीग टाकून जूनपर्यंत ठेवू नयेत. एकच मोठा ढीग करून मातीनं झाका आणि पेरणीआधी पसरून लगेच मिसळा. खत पेरणीच्या तोंडावर हवं असेल तर तसं सांगा, आम्ही आमच्याकडं झाकून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ज्यांच्याकडं अवजार नाही त्यांच्यासाठी आमचा छोटा ट्रॅक्टर कुळवासकट कळपामागोमाग येतो. त्याचं भाडं मेंढ्यांच्या पैशातच ठरवता येतं. नोंदणीचा फोन करताना रान किती, नांगरट झाली का, पाण्याची सोय काय आणि पाळी कोण घालणार, एवढं सांगा. एप्रिल-मेच्या तारखा लवकर भरतात, म्हणून नांगरट उरकली की लगेच कळवा.