वहीतला 'शुद्ध' हा शेरा: शैवाल प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या कामाची पार्श्वभूमी

विद्यापीठातल्या शैवाल प्रयोगशाळेत नव्या तंत्रज्ञाच्या हाती सर्वांत आधी येते ती वाणांची वही. फ्लास्कचा क्रमांक, मीडियम (शैवाल वाढवण्याचे पोषक द्रावण), मागच्या सबकल्चरची, म्हणजे थोडे शैवाल ताज्या मीडियममध्ये हलवल्याची, तारीख आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: 'शुद्ध'. या कामात सर्वाधिक घोळ झाला आहे तो याच शब्दावरून.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १८९० मध्ये एका डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने जिलेटिनवर क्लोरेला हे एकपेशी हिरवे शैवाल वेगळे करून वाढवले. १९१९ च्या सुमारास तेच क्लोरेला प्रकाशसंश्लेषणाच्या मोजमापांसाठी वापरात आले आणि शैवाल बारमाही जिवंत ठेवणे हे प्रयोगशाळेचे नित्याचे काम झाले. त्या काळच्या अनेक मीडियममध्ये मातीचा अर्क घालत. तो दर खेपेला वेगळा उतरे. कुठली माती घ्यायची, किती उकळायची, हे ज्याला ठाऊक त्याच्याच हाताला यश येई. लोह विरघळलेले ठेवण्यासाठी ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाचा वापर रुळला तेव्हा कुठे मीडियमची कृती कागदावर नेमकी लिहिता येऊ लागली. समुद्री शैवालांसाठी सर्रास वापरले जाणारे एफ/२ हे १९६२ च्या मूळ 'एफ' मीडियमचे निम्म्या तीव्रतेचे रूप आहे. स्पिरुलिनासाठीच्या १९६६ च्या मीडियममध्ये लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट पडते. या कृती आजही जवळपास तशाच पाळल्या जातात.

आता 'शुद्ध' या शब्दाकडे वळू. फ्लास्कमध्ये एकाच जातीचे शैवाल आहे, दुसरे नाही, हा त्याचा एक अर्थ. शैवालाशिवाय कोणताच जीव, अगदी जिवाणूसुद्धा नाही, हा दुसरा. दोन्ही अवस्थांतल्या कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालाला, बोलण्यात 'शुद्ध कल्चर' म्हटले जाते, आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागू शकतात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या बारीक पिपेटने एकेक पेशी उचलून निर्जंतुक मीडियमच्या थेंबांतून पुन्हा पुन्हा धुवावी लागे. प्रतिजैविके आली तेव्हा हे थोडे सोपे झाले, पण मात्रा जास्त झाली तर शैवालही मरते. नीलहरित शैवाल तर स्वतःच जिवाणू, त्यामुळे तिथे ही चाळणी आणखी अवघड.

तपासणीतही गोम आहे. पेप्टोन (जिवाणूंचे प्रथिनजन्य खाद्य) असलेल्या आगार या घट्ट जेलीवर कल्चरची रेघ ओढून अंधारात ठेवले आणि काही उगवले नाही, तर त्या आगारवर वाढणारे काही नव्हते इतकेच सिद्ध होते. जिवाणूंच्या जनुकासाठी पीसीआर (जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते शोधण्याची चाचणी) करावे तर शैवालाच्याच हरितलवकातले तसेच जनुक पट्टी दाखवून फसवते.

बराच काळ जिवाणूविरहित कल्चर हेच उत्तम कल्चर मानले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजाला मोठा धक्का दिला. पाहणी केलेल्या शैवालजातींपैकी निम्म्याहून अधिक जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागते आणि ते जिवाणूंकडून मिळू शकते, असे त्यात दिसले. म्हणजे ज्या सोबत्यांना हाकलण्यासाठी तंत्रज्ञाने महिने घालवले, त्यांतले काही शैवालाचे पोशिंदे होते. शरीरक्रियेच्या नेमक्या प्रयोगांना जिवाणूविरहित कल्चर हवेच. पण उघड्या रेसवे तलावात (पाणी गोल फिरवत ठेवणाऱ्या उथळ तलावात) नेऊन सोडायच्या वाणासाठी त्याचा आग्रह धरणे मला वेळेची नासाडी वाटते.

सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर या कामाला पैसा आला. अमेरिकेच्या एका सरकारी कार्यक्रमाने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधनाचा शोध घेतला. ३,००० हून अधिक वाण गोळा झाले, चाळणीनंतर सुमारे ३०० राखले गेले. मग निधी थांबला आणि संग्रह एका विद्यापीठाकडे सोपवला गेला. पुढच्या वर्षांत त्यांतले अनेक वाण हातचे गेले. त्या निर्णयावर चर्चा झाली ती खनिज तेलाच्या भावाच्या अंगाने. दर काही आठवड्यांनी शैवाल उचलायची लूप (तारेची कडी) नव्या मीडियममध्ये बुडवणारा माणूस मात्र त्या हिशेबात नव्हता. अहवाल कपाटात टिकतो, वाण टिकत नाही. २००० नंतर तेल पुन्हा महागले तेव्हा नव्या प्रयोगशाळांना वाण गोळा करण्यापासून सुरुवात करावी लागली. त्यांतल्या अनेक तंत्रज्ञांच्या नेमणुका प्रकल्पापुरत्याच होत्या.

द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवणे हा यावरचा उपाय, आणि अनेक हिरव्या शैवालांना तो मानवतो. बहुतेक डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशी जीव) आणि पुष्कळ डायटम (सिलिकाचे कवच असलेली एकपेशी शैवाले) मात्र गोठवल्यावर परत उठत नाहीत. ते हातानेच पुढे न्यावे लागतात. डायटमची अडचण तर दुहेरी. सिलिकाच्या डबीसारख्या कवचामुळे बहुतेक जातींत विभाजनागणिक पेशी सरासरीने लहान होत जाते, आणि लैंगिक प्रजनन घडून मूळ आकार परत आला नाही तर कल्चर एक दिवस संपते. त्यामुळे डायटमच्या पानावर तारखेशेजारी पेशीची लांबीही मायक्रॉनमध्ये लिहून ठेवावी लागते. आकडे सलग उतरताना दिसले की तंत्रज्ञ दोन जुळणारे वाण एका फ्लास्कमध्ये आणून मीलनाची वाट पाहतो.